टोमण्यांवर बसलेला नेम

चिकोवे गावच्या नेटबॉल संघात रिंगमध्ये चेंडू टाकायचं काम एनेलेसीचं. दोन मुलींची लग्नं झाली, तरी तिने ते सोडलं नव्हतं. मका कांडून झाला की कमरेला गुंडाळलेलं चितेंजेचं कापड घट्ट आवळायचं आणि मैदान गाठायचं. पाय जुळवायचे, गुडघे मोडायचे, मनगटातून चेंडू सोडायचा. चुकला की पुन्हा तेच.

सरावात समोर हात उंचावून उभी असे शेजारीण फालेसी, त्याच संघाची राखणदार. नियमाने हात लावता येत नाही, म्हणून ती तोंड चालवायची. एनेलेसीचा नवरा येसाया कसा घोरतो, तिने रांधलेल्या मक्याच्या न्सिमात गुठळ्या किती, सासू तिला काय म्हणते. हे ऐकत ऐकतच एनेलेसीचा हात बसला.

वार्षिक सामन्यातली बक्षिसाची बकरी दोन वर्षं शेजारच्या म्वाझा गावाने नेली होती. यंदाही गेली तर एनेलेसीची जागा संघातल्या तरुण लिनेसला, असं कर्णधार मेरेसीने बजावलं होतं.

सामन्यात म्वाझाकडून एनेलेसीसमोर आली चर्चमध्ये गाणारी, वळणाची पोर. हात वर करण्याआधी तिने गुडघे वाकवून मान दिला.

"सावकाश टाका मावशी, घाई नाही."

चेंडू खांबावर आदळला.

"थोडक्यात गेला हो."

पुढचा रिंगवरून पार निघून गेला. शेवटी एनेलेसीने हळूच विनवलं, "पोरी, काहीतरी वाईट बोल की."

"आईने तसं शिकवलं नाही, मावशी."

मध्यंतर संपलं, तरी एनेलेसीचा चेंडू बसेना. मेरेसीने लिनेसला तयार राहायला सांगितलं. ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून फालेसीने पाहिलं. राखणदाराला आपला भाग सोडता येत नाही, पण आवाजाला कोण अडवणार?

"एनेलेसी! कालच्या न्सिमाने येसायाचा दात हलला म्हणे!"

सगळं मैदान हसलं. चेंडू रिंगमधून अलगद खाली आला.

मग फालेसी थांबलीच नाही. घोरणं झालं, सासू झाली, येसाया कोंबड्याला भिऊन झाडावर चढला तेही झालं. दर टोमण्याला एक गोल. म्वाझाचे लोकसुद्धा पुढचं ऐकायला मिळावं म्हणून चेंडू एनेलेसीकडे जाण्याची वाट पाहू लागले. प्रेक्षकांतला येसाया मात्र टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता.

बकरी चिकोवेला आली आणि एनेलेसीची जागाही राहिली. घरी जातानाही येसायाची टोपी डोळ्यांवरच होती.

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला, "सरावाला तिच्याऐवजी मी उभा राहतो."

"राहा," एनेलेसी म्हणाली. "पण टोमण्याशिवाय माझा चेंडू बसत नाही. फालेसीबद्दल तुला काय काय माहीत आहे, ते आधी सांग."

येसायाने टोपी वर केली आणि सांगायला सुरुवात केली.