यशवंताला घरी नेताना

माझी पत्नी क्षयाने गेली, त्या वर्षी माझी देवपूजा सुटली. देवावर रागावून सोडली असे म्हणवत नाही. सकाळी ताम्हन पुढे घेऊन बसलो की हातच हलत नसत. मग बहिणीने ते काम आपल्याकडे घेतले. मी भोरच्या शाळेत मास्तर होतो. घरी ही विधवा बहीण आणि चार वर्षांची माझी मुलगी. मुलगी जरा खोकली की मी रात्रभर तिच्या उशाशी जागत असे. कुणी देवाचे नाव काढले की मी उठून बाहेर जात असे.

कार्तिकात पुण्याहून मधूचे पत्र आले. कॉलेजात असताना मधू, यशवंत आणि मी एका खोलीत चार वर्षे काढली होती. मधू आता वकिली करत होता. यशवंत वेल्ह्याच्या बाजूचा, शेतकऱ्याचा मुलगा, त्याच्या गावातून कॉलेजात गेलेला पहिलाच. तो पुण्यात एका कचेरीत लागला होता. ‘शनिवार-रविवार ये, तिघे भेटू, पुष्कळ वर्षे झाली,’ एवढेच पत्रात होते. बहीण म्हणाली, “जाऊन या. चार माणसांत हसाल तरी.” म्हणून मी गेलो.

मधूने चहा दिला, पण माझ्याकडे बघेना. यशवंत कुठे आहे, असे विचारल्यावर म्हणाला, “खरं सांगतो, गप्पा मारायला नाही बोलावलं तुला. यशवंताच्या तोंडातून रक्त पडतंय. खोलीचा मालक उद्या बाहेर काढणार आहे. डॉक्टरांनी हात टेकले. त्याला आईजवळ जायचंय. माझी मुलं लहान आहेत रे. नसरापुरापर्यंत तुमची वाट एकच आहे.”

मी संतापलो. माझ्या घरी काय होऊन गेले हे त्याला ठाऊक होते. “माझी मुलगी मोठी आहे का?” मी विचारले. तसाच उठून परतीची मोटार धरावी असे मनात आले. पण आधी यशवंताला भेटलो आणि तिथे फसलो. एके काळी तालमीत घुमणारा तो माणूस अंथरुणात सापडेना. मला बघून तो हसला आणि म्हणाला, “मास्तर, लांब बस.” माझ्या पत्नीनेही शेवटी मला हेच सांगितले होते.

रविवारी सकाळी निघालो. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे आणि मोटारी कोळशावर चालत. कात्रजच्या चढाला सगळे उतारू खाली उतरून चालू लागले. तो एकटा आत बसून धुराने खोकत राहिला. घाट संपल्यावर त्याच्या बाकावर कोणी बसले नाही. नसरापुराला उतरून मी एक बैलगाडी ठरवली. गाडीवानाने गवताच्या पेंढ्यांवर त्याला निजवले आणि मी मात्र गाडीमागून चालत राहिलो. पाय मोकळे करतोय, असे त्याला सांगितले. खरे कारण त्याला कळले असणारच.

कानंदी नदीच्या काठाशी त्याला मोठी उबळ आली. गाडीवानाने वळून पाहिले, पेंढ्यांवरचे रक्त पाहिले आणि बैल थांबवले. “ह्याच्या फुडं म्या न्हाई येत, मास्तर. माझी बी लेकरं हायती,” तो म्हणाला. त्याला दोष कसा देऊ? आम्हाला एका आंब्याखाली उतरवून तो माघारी गेला. पलीकडे दोन-अडीच मैलांवर यशवंताचे गाव. दुपार कलली होती. त्याला उचलायचे माझ्या अंगात बळ नव्हते, आणि बळ असते तरी त्याचे तोंड माझ्या खांद्याशी आले असते.

पुढचे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. “कुणी मिळतं का बघतो,” असे म्हणून मी उठलो आणि आल्या वाटेने चालू लागलो. माणसे शोधायची तर नदी ओलांडून जायला हवे होते. मी नसरापूरच्या दिशेने चाललो होतो, भरभर, मागे न बघता. मुलीचे नाव मनात घेत होतो आणि रडत होतो.

वळणावर एक म्हातारी समोर आली. हातात काठी, अंगावर घोंगडी. “दादा, तांबडी गाय दिसली का रं हितं कुठं?”

मी नाही म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “रडतूस का? संगं कोन हाय?”

कोणी नाही, असे म्हणता आले असते. पण तोंडून निघाले, “मित्र आहे. क्षय झालाय त्याला. नदीवर आहे.”

“आन् तू हिकडं कुठं निघालास?”

तिच्या आवाजात राग नव्हता. वाट चुकलेल्याला विचारावे तसे तिने विचारले होते. मी वळलो आणि तिच्यापुढे चालू लागलो.

ती यशवंताजवळ बसली, त्याचे डोके मांडीवर घेतले आणि आपल्या पदराने त्याचे तोंड पुसले. मग पलीकडच्या खाचरात भात कापणाऱ्यांना तिने हाका मारल्या. चार गडी विळे टाकून पाण्यातून आले. म्हातारीने घोंगडी काढून दिली, त्यांनी ती बांबूला बांधून झोळी केली. मी रोगाचे नाव सांगितले, तेव्हा त्यातला थोरला म्हणाला, “म्हाईत हाय. तुमी पाय धरा, पानी गुडघ्याएवढंच हाय.” मी धरले. त्या दिवसात प्रथमच मी त्याला हात लावला.

दिवस मावळायच्या आत आम्ही त्याच्या दारात पोचलो. आई धान्य पाखडत होती. सूप खाली ठेवून ती आली. “आलास व्हय, बाळा?” एवढेच म्हणून तिने त्याला आत घेतले. मी शाळा बुडवून तिथेच राहिलो. मंगळवारी सकाळी त्याला थोडी हुशारी आली. आई पाण्याला गेली होती.

“नदीवर तू कुठल्या बाजूला गेलास, ते मी बघितलं,” तो म्हणाला.

मी विचारले, “मग हाक का मारली नाहीस?”

“मारली असती तर तुला यावंच लागलं असतं. तुझी मुलगी आहे.” थोडा दम घेऊन म्हणाला, “तुझ्यावरचा भार काढला आणि आमच्या मेंगाईदेवीला म्हटलं, आता तू बघ. माझ्याच्यानं काही होत नाही. आणि खरं सांगू, मला भीती वाटली नाही.”

दुपारी आईच्या मांडीवर तो गेला.

परतताना म्हातारीच्या झोपडीशी थांबलो. तिची गाय रविवारी संध्याकाळी नदीकडून आपणहून घरी आली होती. एरवी ती डोंगराकडेच चरते, असे म्हातारी म्हणाली. मग ती गाय त्या दिवशीच नदीच्या अंगाला का गेली असेल, असे मी विचारले. “मेंगाईनं हाकलली आसंल. मला काय कळतंय?” असे म्हणून तिने मला ताक दिले.

भोरला आल्यावर दोन महिने मी मुलीपासून लांब, ओसरीवर निजत होतो. सुदैवाने तिला काही झाले नाही. झाले असते तर आज हे असे लिहू शकलो असतो का, मला सांगता येत नाही. पत्नी का गेली, यशवंत का गेला, याचे उत्तर मला मिळालेले नाही. मी पळालो होतो आणि मला परत आणले गेले, एवढे मात्र घडले. ज्याला सोडून मी निघालो, त्याने मला आधीच मोकळे केले होते आणि स्वतःला देवीच्या ओटीत टाकले होते. अशी शरणागती मला अजून साधलेली नाही. आता देवपूजा पुन्हा मीच करतो. रोज हात जोडतो, तेव्हा तेवढीच मागतो.