लाल चिंधी

गुलू शहराच्या बाजारात माझ्या शिलाई मशीनला लागूनच ओकेतायोतचं टेबल. मेलेल्या फोनांतून, खरखरणाऱ्या डिस्कांतून लोकांच्या फायली काढून द्यायचा त्याचा धंदा. जिच्यातून घ्यायचं, त्या डिस्कला तो आधी लाल चिंधी बांधतो. चिंध्या माझ्याकडच्या, फुकट. मग गिऱ्हाइकाला विचारतो, "ही मध्येच मेली तर काय वाचायला हवं? एकच सांग." उत्तर मिळेपर्यंत डिस्क जोडत नाही. असला हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

चिंधीचं कारण मला ठाऊक आहे. चौदा वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, त्यानं तिची गाणी नव्या डिस्कवर उतरवायला घेतली आणि घाईत दिशा उलटी दिली. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरली, सगळी गाणी पुसली गेली. तेव्हापासून आईचा आवाज त्याला फक्त स्वप्नात ऐकू येतो आणि जाग आली की आठवत नाही, असं तो सांगतो.

गेल्या महिन्यात ओयेलाची आई एक डिस्क घेऊन आली. खाली पडल्यापासून ती टकटक वाजत होती.

"काय काय आहे यात, मावशी?"

"कॅसेटवरून उतरवलेली माझ्या लग्नाची फिल्म. तुझी आई काय गायली होती रे त्यात! आणि माझ्या ओयेलाचे फोटो. पोर तापानं गेली, त्याच्या आधीचे."

त्याचा हात थांबला. माझी शिवण वाकडी गेली.

"आधी काय वाचवू?" त्यानं तरीही विचारलं.

"ओयेला."

ती पाणी प्यायला गेली तशी मी कुजबुजले, "अरे वेड्या, गाणं आधी घे. तिला काय कळतंय?"

"तू गप शिव."

एकेक फोटो येत गेला, टकटक वाढत गेली. शेवटचा फोटो आला, त्यानं फिल्मला हात घातला आणि डिस्क गप्प झाली. संध्याकाळपर्यंत तो तिच्याशी झटत होता. मला रडूच आलं.

ओयेलाची आई पडद्यावरच्या पोरीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आणि फिल्म?"

"गेली, मावशी."

"जाऊ दे. त्यातला नवरा तरी कुठे राहिलाय!" ती हसली, मग त्याच्याकडे बघून हसायची थांबली. "तुझी आई गायली होती ते मला येतं रे. म्हणू?"

त्यानं फोनवर रेकॉर्डिंग लावलं. भर बाजारात, फाटक्या आवाजात, तिनं अख्खं गाणं म्हटलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

"शब्द आईचेच आहेत, मावशी," तो म्हणाला. "परत म्हण."