आधीच लावलेल्या खुणा

सगळी गल्ली त्याला फोटोमामा म्हणायची. स्टुडिओ म्हणजे एक खोली, निळा पडदा, दोन दिवे आणि एक स्टूल. सत्तावीस वर्षांत कुणाच्या लेकीच्या खांद्याला त्याचं बोट लागलं नव्हतं. मान वळवायची असली तर हवेत फुटपट्टी फिरवून दाखवायचा. म्हणून आया पोरींना बिनघोर एकट्या पाठवायच्या. मामाची सगळी पुंजी ती एवढीच.

पडदा विटला तेव्हा वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा मास्तर, त्याचा लंगोटीयार, म्हणाला, "फोटोच्या मागचं सगळं पुसणारा प्रोग्राम आहे, फुकट. सरक तिकडे." आणि चहाचे घोट घेत 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत सुटला.

"अरे, तिथं बारीक काहीतरी लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला उद्योग नाही. तू बस वाचत!"

चौथ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका ओळखपत्रांचे फोटो ठरवायला दोन मुलींना घेऊन आल्या. ओळखपत्राचा नमुना शाळेच्या साइटवर होता. मामाने ब्राउझर उघडला, तर भलतंच पान आलं आणि कोपऱ्यातून एक उघडीनागडी जाहिरात उसळली. ती बंद केली तर दोन आल्या.

बाईंनी मुलींची तोंडं भिंतीकडे फिरवली. "मामा, तुम्हीसुद्धा?"

मास्तर दारातच होता. मामा काकुळतीने म्हणाला, "सांग ना रे बाईंना, तू त्या दिवशी काय टाकलंस."

मास्तर चष्मा पुसत म्हणाला, "मी फोटोचं तेवढं टाकलं. बाकी कोण काय बघतं, मला काय ठाऊक?"

दुपारी मामाने तोच प्रोग्राम काढून पुन्हा बसवायला घेतला, या वेळी ओळन् ओळ वाचत. तिसऱ्या खिडकीत 'कस्टम' निवडल्यावर दिसलं: टूलबार जोडा, पहिलं पान बदला, शोधायची जागा बदला. तिन्ही चौकटींत खुणा आधीच लावलेल्या. एकेक करून काढल्या. मग ब्राउझरच्या एक्स्टेन्शनच्या यादीतून तो आगंतुक टूलबारही हुसकून लावला, पहिलं पान जागेवर आणलं. दहा मिनिटांचं काम.

बायको म्हणाली, "अहो, मशीन सुधारलं ना? मग तोंड का पाडलंय?"

"मशीन परकं होतं गं. मास्तर नव्हता."

संध्याकाळी मास्तर आला. "चौघांत कसं कबूल करू? मास्तरलाच येत नाही म्हटल्यावर क्लासला कोण येईल?"

"आणि माझ्याकडे?"

मास्तरने पायात चप्पल सरकवली. मामाने दिवे मालवायला घेतले.

शाळेचं काम दुसरीकडे गेलं. पुढल्या आठवड्यात एक पोरगी फोटोला आली, सोबत आई. त्या आईचा शाळेतला पहिला फोटो मामानेच काढला होता. मामाने आईला बसायला स्टूल पुढे केलं तरी ती बसली नाही. लेकीचा हात धरून स्क्रीनकडे बघत उभी राहिली.