साडभाऊचा समुद्र

समुद्राची गोष्ट सांगताना माझ्या साडभाऊचा उजवा हात कधी मांडीवर राहिला नाही. गोष्ट निघाली की तो हात आपोआप उठायचा, खांद्यापर्यंत जायचा, तिथं जरा थांबायचा आणि बोटं पसरून खाली यायचा. समोर बसलेली माणसं पाय आखडून घ्यायची. आमच्या सिहोऱ्याच्या अंगणात, मे महिन्यात, जिथं माठातलं पाणीसुद्धा संध्याकाळपर्यंत अर्ध्यावर येतं, तिथं हा माणूस लोकांना पाय आखडायला लावायचा. मला त्याचा राग यायचा. राग म्हणतो, पण तो राग नव्हता, जळणं होतं. आता या वयात खोटं कशाला लिहू?

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. वरठीला रेल्वेत पॉइंट्समन होता. रेल्वेचा पास मिळायचा आणि डहाणूच्या स्टेशनावर त्याचा एक जुना सोबती नोकरीला होता. त्यामुळे दर मे महिन्यात नवरा-बायको चार दिवस त्या सोबत्याच्या क्वार्टरात जाऊन राहायचे, समुद्र पाहायचे आणि परत आले की पहिली फेरी आमच्याकडे. गाव त्याला 'समुदरवाले पाव्हणे' म्हणायचं. मी चौथी शिकलेला, तीन एकर धानाचा मालक, बाप-आजापासून त्याच गावात. मला गावानं कधी काही नाव ठेवलं नाही, चांगलं नाही की वाईट नाही.

तो यायचा तेव्हा मी हमखास बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असायचो. पावसाच्या आधी शेणखत टाकायचं, धुरे म्हणजे शेताचे बांध नीट करायचे, ही आमची उन्हाळ्याची कामं. मी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, अंगाला खताचा वास घेऊन घरी यावं, तर आंब्याच्या सावलीत चटई टाकलेली, शेजारपाजार जमलेला आणि मधोमध हा पांढरा सदरा घालून. बायकोनं माझ्या हातात पाण्याचा लोटा द्यायचा आणि मान त्याच्याकडेच ठेवायची. लोटा कितीदा माझ्या पायावर सांडला असेल.

मला पाहून तो म्हणायचा, "माणसानं वर्षातून चार दिवस बिनकामाचं फिरावं गा. बैलाले पोळ्याची सुट्टी भेटते. तुले काहून नाही भेटत?" लोक हसायचे. मी म्हणायचो, बैलाला रेल्वेची नोकरी नाही. त्यावरही लोक हसायचे, पण थोडे.

त्याचं दुसरं बोलणं मला जास्त लागायचं. तो म्हणायचा, "पाणी पाहाचं तर समोरचा काठ नाही दिसला पाहिजे. तुमचं तळं म्हणजे परातीतलं पाणी." आमच्या गावचं तळं काही लहान नाही. त्याच्यावर आमचा धान उभा राहतो, त्यात मी पोहायला शिकलो, त्याच्याच पाळीवरून मंजुळा नवरी होऊन गावात आली. आणि हा पास काढून चार दिवस फिरून येणारा माणूस त्याला परात म्हणायचा. मंजुळाही हसायची. मंजुळा म्हणजे माझी बायको. माझ्या बोलण्यावर ती हसायची ती तोंडाला पदर लावून. त्याच्या बोलण्यावर तिचा पदर तोंडावरून सुटायचा.

तुम्ही भलतं समजू नका. तिच्या मनात काही नव्हतं आणि त्याच्याही नव्हतं. तिला समुद्र पाहायचा होता आणि तो समुद्र पाहून आलेला माणूस होता, एवढंच. पण नवऱ्याला तेवढंही पुरतं.

तो वाईट माणूस असता तर माझं सोपं झालं असतं. एकदा धानाच्या रोवण्याच्या ऐन दिवसांत मला ताप भरला. मी खाटेवर आणि बायका-माणसं बांधीत वाट पाहत. तो वरठीवरून सायकल हाणत आला. येतानाच डॉक्टरकडून गोळ्या घेऊन आला होता. पाच दिवस चिखलात उभा राहिला. त्याला रोवणं येत नव्हतं, चिखलात दोनदा उताणा पडला, बायांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पण माझा धान वेळेवर लागला. मी त्याला धन्यवाद दिले नाहीत. तो ज्या बाजूला उभा होता तिथली रोपं वाकडी लागली, हे मात्र मी दिवाळीपर्यंत सगळ्यांना दाखवत होतो.

इमर्जन्सी उठली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. मंजुळा चुलीपुढं बसली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अजी, एक डाव मले समुदर पाहू द्या. मंग कधी म्हणणार नाही." लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्या बारा वर्षांत तिनं मागितलेली ती पहिली वस्तू. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी हो म्हटलं. पण साडभाऊला निरोप धाडला, की तिकीट आम्ही आमचं काढू, तुमच्या उपकारानं येणार नाही. त्यानं उलट निरोप धाडला, की ये बावा, कसाही ये, पण तिला घेऊन ये. तीन दिवस राहायचं ठरलं.

वरठीला गाडीत बसलो. तो आधी चढला, खिडकी धरली आणि म्हणाला, "मंजुळेले बसू द्या इथं. तिले पाहू द्या." खिडकी बायकोला द्यावी हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मग सगळ्या वाटेत तो स्टेशनांची नावं स्टेशन येण्याच्या आधी सांगत राहिला. माझी मेहुणी, मंजुळाची ताई, डुलक्या घेत होती, तिनं हे सगळं दहा वेळा ऐकलेलं. मंजुळाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. मी तोंड फिरवून बसलो आणि झोपल्याचं सोंग केलं.

डहाणूला पोचलो, सोबत्याच्या घरी आंघोळी झाल्या आणि दुपारच्या आधी किनाऱ्यावर गेलो. काळसर रेती, मागं सुरूची उंच झाडं. आणि समुद्र? समुद्र पार दूर होता. समोर नुसती ओली जमीन पसरलेली आणि तिच्या शेवटाला एक पांढरी रेघ. मला फार बरं वाटलं. बारा वर्षं ज्याच्यापायी माझा लोटा सांडला, तो हा समुद्र? आमचं तळंही मे महिन्यात असंच मागं सरतं. त्याचा तळ उघडा पडतो, आम्ही त्यातून बैलगाडी नेतो, लोक तिथं काकड्या-डांगरं लावतात. पाऊस पडेपर्यंत ते पाणी एक पाऊल पुढं येत नाही.

मी मंजुळाला घेऊन थेट त्या ओल्या जमिनीवर गेलो, पाण्याच्या बरंच जवळ. तिथंच गाठोडं ठेवायला सांगितलं. गाठोड्यात दुसऱ्या दिवशी नेसायचं नवं लुगडं होतं आणि घरून आणलेल्या सुवाऱ्यांचा डबा. सुवाऱ्या म्हणजे आमच्याकडच्या पुऱ्या. चपलाही तिथंच काढल्या. साडभाऊ मागून आला. म्हणाला, "साडभाऊ, गाठोडं तिकडं झाडाखाली ठेव. इथं पाणी येते."

मी म्हणालो, "मे महिन्यात पाणी कुठून येते? पाऊस तरी आहे का कुठं?"

"हे तळं नाही गा. हे जाते आन् येते."

"तळ्याच्या काठी जन्म गेला माझा. पाण्याचं तुमी नका शिकवू मले."

मंजुळा गाठोडं उचलायला वाकली होती. मी तिला राहू दे म्हणालो. साडभाऊनं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तो विषय सोडला. बायकोसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून सोडला, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, मी जिंकलो.

सुरूच्या सावलीत उन्हाळ्याची जत्राच होती. हातानं फिरवायचा पाळणा, बर्फाचे गोळे, बंदुकीनं फुगे फोडायची फळी, घोड्यावर बसवून फिरवणारे. सगळीकडची माणसं नुसती बसून होती, काम नाही, धंदा नाही, आणि कोणी त्यांना काही म्हणत नव्हतं. मंजुळानं लाल गोळा खाल्ला, तिचे ओठ लाल झाले, तर ती लहान पोरीसारखी ताईला जीभ काढून दाखवत होती. साडभाऊनं सहा फुगे फोडले. मी बंदूक घेतली आणि फळीसुद्धा मला लागली नाही. पाळण्यात दोघी बहिणी बसल्या, तो खाली उभा राहून त्यांना चिडवत होता. मी गोळ्याची काडी चघळत उभा होतो.

पाणी आलं ते मला दिसलंच नाही. आवाज नाही, गडगड नाही. ताईच वरून ओरडली, की अवो, आपलं गाठोडं. पाहतो तर आम्ही चाललो होतो ती जमीन कुठंच नव्हती. सगळं पाणी. आणि त्यावर आमचं गाठोडं हळूहळू निघालेलं, सुटलेल्या डब्यातल्या सुवाऱ्या त्याच्या मागं रांगेनं. मी काठावर उभा राहिलो. मला पोहता येत होतं, चांगलं येत होतं. पण पाय हलले नाहीत, कारण पळालो असतो तर तो खरा ठरला असता.

तो पळाला. पँट गुडघ्यावर, सदरा अंगात, तसाच कमरेइतक्या पाण्यात गेला. लुगडं धरलं, डबा धरला, चपला मात्र गेल्या. बाहेर आला तेव्हा ओलं लुगडं त्यानं डोक्याला गुंडाळलं होतं आणि आमच्याकडच्या दंडारीच्या खेळातल्या नाच्यासारखा कमरेवर हात ठेवून ठुमकत येत होता. मंजुळा पाण्याच्या काठाला फतकल मारून बसली. लाटा तिच्या मांडीवरून जात होत्या आणि ती हसत होती. तिचं तसं हसणं मी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी, पदर कुठं, केस कुठं. आजूबाजूची अनोळखी माणसंही हसत होती. तो माझ्यासमोर येऊन थांबला आणि म्हणाला, "पाऊस आला वाटते गा, साडभाऊ."

त्याच संध्याकाळच्या गाडीनं मी मंजुळाला घेऊन निघालो.

तो स्टेशनावर आला होता. हात जोडून म्हणाला, "हासण्यात बोलून गेलो बावा. मले शिव्या दे, वाटल्यास मार. पण तिले राहू दे दोन दिवस."

मी म्हणालो, "बायको माझी आहे. तिचं मी पाहीन."

मंजुळा गाडीत चढली. पायात ताईच्या चपला होत्या, तिला मोठ्या होत असलेल्या. गाडी हलल्यावर एवढंच म्हणाली, की उद्या सकाळी होड्या येताना पाहायच्या होत्या. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

त्यानंतरही तो दरसाल येत राहिला. पण माझ्या अंगणात त्यानं समुद्राचं नाव पुन्हा काढलं नाही. धान कसा झाला, बैल कसा आहे, पावसाचं काय, असलं बोलायचा. लोक यायचे, थोडा वेळ बसायचे आणि उठून जायचे. मंजुळा बसून राहायची. तिला वाटायचं, आता काढेल, आता काढेल. मला पाहिजे होतं तेच झालं होतं आणि अंगण मला खायला उठायचं. निघताना मला बाजूला घेऊन तो दर वेळी विचारायचा, येत्या मे महिन्यात सोबत्याला दोन माणसं जास्त सांगू का. मी म्हणायचो, कामं आहेत. "कामं तं राहतेच गा," म्हणायचा आणि सायकलवर टांग टाकायचा.

सात-आठ वर्षांनी, एप्रिलात, ड्युटीवरून घरी येऊन तो बसल्या जागी गेला. वरठीला आम्ही पोचलो तेव्हा ताईनं त्याची प्रवासाची पिशवी दाखवली, भरून ठेवलेली होती. मंजुळा खूप रडली. ती किती रडते हे मी पाहत होतो. मी मेलो तर एवढी रडेल का, हेसुद्धा माझ्या मनात आलं. असा माणूस मी.

पुढं केव्हातरी मीच म्हटलं, चल, समुद्राला जाऊन येऊ, माझा मी नेतो. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आता कोन दाखवते?" मग मी कधी म्हटलं नाही.

मंजुळा गेली, त्याला दुसरं वर्ष लागलं. शेवटच्या उन्हाळ्यात ती खाटेवरच होती. दुपारी शेजारच्या बाया येऊन बसायच्या आणि ती त्यांना समुद्र सांगायची. मी ओसरीत ऐकत असायचो. गाठोडं वाहून गेलं ते सांगताना ती दम लागेपर्यंत हसायची. पण तिच्या गोष्टीत आम्ही त्या संध्याकाळी परत फिरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही होड्या येताना पाहिल्या, जाळ्यातली मासळी रेतीवर चांदीसारखी उडत होती. तिसऱ्या दिवशी चिकूच्या वाडीत गेलो, झाडाखाली निजलो, वारा असा की पदर आवरेना. ती बायांना म्हणायची, "आमच्या घरच्यांनी मले तीन दिवस ठेवलं तिथं. कायलेच नाही म्हटलं नाही."

एक जण माझ्याकडे वळून म्हणाली, "हो का जी, आजोबा?"

मी हो म्हटलं.

त्या होड्या, ती मासळी, ती चिकूची वाडी, सगळी साडभाऊची होती. शब्दन् शब्द त्याचा होता, मी ओळखला. मी तिला अर्धा दिवस दिला. बाकीचे अडीच तिनं त्याच्याकडून घेतले आणि माझ्या नावावर लावले. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली, माझं जळणं गेलेलं नाही. तिचं सुख आठवायला बसलो की पहिली हाक मला त्यालाच मारावी लागते.