मामांचं कागदावरचं ॲसिड

खोट्या ॲसिडला इतकं खरं घाबरणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज अख्ख्या सातारा-सांगलीत सापडायचा नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला. मामी गेल्या, नोकरी संपली, आणि कोरेगावच्या घरात एकटे बसलेले असताना बेंगळुरूच्या मुलीनं सुट्टीत मागे ठेवलेलं एका खेळाचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, ‘मी अमुक करतो’ म्हणायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकून ते जमलं का बघायचं. गोष्टीत गुहा, राक्षस, किमयागार. मामांनी राक्षसांची पानं भराभर उलटली आणि किमयागाराच्या ॲसिडांपाशी जे थांबले, ते दीड वर्षं तिथंच.

दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की त्यांच्या सोप्यात डाव बसायचा. खेळायला मी आणि शेजारचे निवृत्त सुभेदार. सुभेदार लढवय्या झाले हे ओघानंच आलं. किमयागार मला केलं, कारण मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि ज्याला काहीच येत नाही त्याला नीट शिकवता येतं, असं मामांचं मत. शिकलो मात्र मी काहीच नाही. मी कोण, कुठं उभा, आणि माझ्या हातात काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला एका वेळी कधीच माहीत नसायची. पहिल्याच रविवारी गुहेतलं नायट्रिक भरून घेतो म्हणालो. कशात, असं मामांनी गोड आवाजात विचारलं. माझ्या सामानाच्या यादीत तांब्या होता, म्हणून तांब्यात म्हणालो. मामांनी चष्मा काढून पुसला, आणि मग तांब्याचं बूड, माझी पिशवी आणि सुभेदारांचा डावा बूट, या क्रमानं सगळं गेलं. पुढं एका हिरव्या बुळबुळीत राक्षसावर मी बाटली फोडली, तर तो मरायचं सोडून बाळसं धरायला लागला. तो ॲसिडचाच बनलेला होता म्हणे. तेव्हापासून सुभेदार गुहेत माझ्यापासून चार पावलं लांब चालायचे.

सुभेदारांना बाटली म्हणजे हातबॉम्ब वाटे. दिसला शत्रू की टाका. मामा कळवळायचे. “सुभेदार, ॲसिड हत्यार न्हाई, अवजार हाय. फेकायला दगूड बी चालतोय की.” बाटली फेकून मारायचे पुस्तकातले सगळे नियम त्यांनी पेन्सिलीनं खोडले होते आणि आपला एकच लिहिला होता : डावात तोंडातून गेलं ते घडलं. प्रयोगशाळेत चुकून ओतलेलं परत घेता येत नाही, तसं. बाटलीचं चित्र काढलेल्या कागदाशेजारी चहाचा कप ठेवलेलाही त्यांना खपत नसे.

मग मुलीनं त्यांना कायमचं बेंगळुरूला न्यायचं ठरवलं. सोमवारी सकाळी गाडी निघणार होती, म्हणजे दीड वर्षाचा डाव त्या रविवारीच संपवायला हवा होता. समोर लोखंडी दार, दाराआड कोंडलेला माझा म्हातारा गुरू, दाराच्या अलीकडं ॲसिडचा हौद, आणि माझ्याकडं शेवटची बाटली. ती कुलपावर ओतली की संपलं. पण मामांना घाई दिसत नव्हती. त्यांनी नुसत्या कुलपाचं वर्णन अर्धा तास केलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला. ती घराबाहेर कुलपासमोर उभी होती आणि दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात होत्या. मी गडबडीनं उठलो आणि म्हणालो, “बरं मामा, येतो.”

मामांचा हात फाशावरच थांबला. “काय म्हणालासा, पाव्हणं?”

“येतो म्हणालो.”

मला वाटलं, डाव अर्ध्यावर टाकून उठलो म्हणून रागावले. मग समोर कागदावर काढलेला हौद दिसला आणि माझं मलाच कळलं. येतो म्हणालो, म्हणजे पुढं आलो. पुढं आलो, म्हणजे हौदात आलो. मी, बाटली आणि डाव, तिन्ही बुडाले. मराठी शिकवणारा मी तोंड उघडं टाकून उभा, आणि माझी बाजू मांडली सुभेदारांनी. “आवं, येतो म्हंजी जातो. आपल्यात जातो म्हणायची पद्धत हाय व्हय?”

मामांनी फासा उचलून बाजूला ठेवला. मग हळूहळू, एकेक थेंब मोजावा तसं बोलले. “बराबर हाय. म्हंजी पाव्हणं हौदात न्हाई पडलं. बाटली घिऊन घरला गेलं. आता ते परत आल्याबिगर दार उघडायचं न्हाई.”

“पर तुमी तर उद्या चाललाय,” सुभेदार म्हणाले.

“म्हणून तर,” मामा म्हणाले, आणि बाटलीचा कागद त्यांनी नीट घडी घालून माझ्या हातात दिला.

मी तो खिशात कोंबून किल्ल्यांसाठी धावलो. त्यांनी डाव मुद्दाम संपू दिला नाही, हे मला अर्ध्या वाटेत उमगलं, पण तोवर बायकोचा तिसरा फोन वाजत होता.

आता बेंगळुरूहून अधूनमधून त्यांचा फोन येतो. आधी तब्येत, मग तिथली हवा, मग आमटीत गूळ घालतात ही तक्रार. मग मुलीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ते विचारतात, “बाटलीचं बूच घट्ट हाय न्हवं?”

मी खरंच उठतो. कपाटातला कागद काढतो, उलगडतो, पेन्सिलीनं काढलेलं ते बूच जवळून बघतो. “घट्ट हाय, मामा,” म्हणतो. तरी ते फोन ठेवत नाहीत.