हेलनच्या आजोबांचा हरवलेला जिल्हा

मैत्रिणींनो, आज दुपारी माझी ऐंशी वर्षांची शेजारीण हेलन रडवेली होऊन आली. पुढच्या आठवड्यात ती आजोबांचं जर्मनीतलं गाव बघायला निघाली आहे. पण त्या नावाची गावं चार, आणि आजोबांच्या जन्मदाखल्यावरचा जिल्हा नकाशात कुठेच नाही.

“इट्स गॉन, सुधा!”

“जिल्हे जोडतात, तोडतात गं. आमचं नंदुरबारही आधी धुळे जिल्ह्यात होतं. गाव कुठे जातंय?”

कॉन्व्हेंटमधल्या भूगोलाच्या सिस्टर म्हणायच्या, आधी नदी शोधा. दाखल्यावर गावाच्या नावापुढे नदीचं नाव होतं. तिच्या काठाकाठाने आम्ही बोट सरकवत गेलो आणि गाव सापडलं! जुना जिल्हा शेजारच्या जिल्ह्यात विलीन झाला होता.

हेलनने माझे दोन्ही हात घट्ट धरले. मला मात्र सिस्टर आठवल्या. त्यांना ‘थँक यू’ म्हणायचं राहूनच गेलं.

तुमचं कुणाला म्हणायचं राहिलंय?