छबुकाकूची कचेरी

आमची छबुकाकू गेली. तिला लेकरूबाळ न्हवतं, म्हनून तिचं सांगनारं बी कोनी उरलं न्हाई. आमच्या वडलांच्या तोंडून आन तिच्या तोंडून जे ऐकलं ते सांगून ठिवलेलं बरं.

तवा निजामाचं राज व्हतं. चौसाळ्यात काकूचा मालक बंकट गाड्यांची दलाली करायचा. म्हंजी बार्शीच्या पेढीला कापूस न्यायचा असला की पेढीचा मुनीम बंकटला सांगायचा, आन बंकट गावातले गाडीवान जमवून द्यायचा. बाजारतळावर लिंबाखाली बसायचं, चंची सोडायची, इडीतंबाखू करायची, झालं काम.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली बंकट गेला. सकाळी डोकं धरून निजला तो उठलाच न्हाई. घर एकदम गप झालं. काकू दोघांची भाकर थापायची आन मग तिच्या ध्यानात यायचं. बोलायला कोनी न्हाई म्हनून शेळीशी बोलायची. शेळी बी बिचारी ऐकून ऐकून कटाळली आसंल.

बंकटचा धाकटा भाऊ धर्मराज, आमचे वडील, चकलांब्याहून गाडी घिऊन आले.

"वयनी, बोचकं बांधा. एकल्या बाईनं घर धरून बसू न्हाई."

"तिथं येऊन मी काय करू भावजी?"

"काय करू म्हंजी? दोन टायमाला भाकर खावा, पोरं संभाळा."

दुसऱ्याच्या चुलीम्होरं आपला जलम जायचा, हे काकूला दिसत व्हतं. ती म्हनली, "ह्यांची दलाली मी चालवीन."

वडील हसले. "बाजारतळावर लिंबाखाली बसनार व्हय? गडी मानसांत?"

"मी कावून जाऊ? त्यांनी माझ्या घरी यावं."

शेवटाला ठरलं असं, की कापसाचा पयला माल निघंल तवर वडलांनी थांबायचं. काकूनं मुनीमाला गाड्या दिल्या तर वडील गप माघारी जातील. न्हाई दिल्या तर काकू गाडीत बसंल.

मग काकू कामाला लागली. दाराच्या आत ढाळज व्हती, म्हंजी बसायउठायची पडवी, तिथं नुसता कडबा अन मोडकं सामान पडलेलं. समदं काढलं, सारवलं. गडी मानसांसाठी रस्त्याकडच्या ओट्यावर घोंगडी हातरली. आपली जागा आतल्या उंबऱ्यापाशी, तिथनं रस्ता बी दिसावा आन चुलीवरचं दूध बी. पान्याची घागर दाराशी, कोनाला मागायला नगं. लिवता वाचता येत न्हवतं, तर तिनं सुताराकडून भिंतीला दोन रांगात खुंट्या ठोकून घेतल्या. रामहरीच्या बैलाचा लाल गोंडा, पंडितच्या बैलाची फुटकी घुंगरं, अशी ज्याची त्याची खून मागून आनली. खून वरच्या खुंटीला असली तर गाडी घरी हाय, खालच्या खुंटीला असली तर गाडी भाड्याला गेलीय. वडील बगतच राहिले. बाजारतळावर बंकटला हे समदं डोक्यात ठिवावं लागायचं.

मुनीमाला आन गाडीवानांना सांगावा गेला. मुनीम यायच्या आदल्या दिशी काकू हिरीवर पान्याला गेली. तिथं शेजारची केशरबाई भेटली.

"छबे, लई दिसांनी तोंडावर तरतरी दिसती."

"मग! उद्या आपल्या हितं कचेरी बसनार हाय."

बास. एवढंच बोलली, मोठ्या हौसेनं. केशरबाई घागर उचलून गेली.

सकाळी काकू उंबऱ्यापाशी बसली. रस्ता मोकळा. एक गाडी न्हाई, बैलाच्या घुंगराचा आवाज न्हाई. मुनीम बद्रीनाथ आला, घोंगडीवर बसला, पानी प्याला.

"बाई, गाड्या?"

"येतील की."

येरझाऱ्या घालून मुनीमानं लिंबाकडं बी एक चक्कर मारली. तिथं बी कोनी न्हाई. "दुपार कलली का मी नेकनूरचा दलाल बगतो, बाई. माल उघड्यावर पडलाय."

आत वडील भांडी पोत्यात भरत व्हते, त्याचा आवाज यायला लागला. काकूला वाटलं, बरुबर हाय. रांडव बाईचं तोंड सकाळच्या पारी कोन बगंल? बंकट व्हता म्हनून मानसं व्हती. आपल्यापाशी कोन येतंय? डोळ्यातलं पानी तिनं पदरानं तिथंच टिपलं, मुनीमाला दिसू दिलं न्हाई. मग उठली आन सरळ रामहरी गाडीवानाच्या घरी गेली.

रामहरीची बायको दार आडवून उभी. "ते घरी न्हाईत. गाडी मोडलीय."

परसात गाडी व्हती, पन चाकं न्हाईत, वर कडब्याचा ढीग. काकू म्हनली, "काल तर धड व्हती की."

तेवढ्यात कडबा शिंकला.

"रामहरी भाऊ, भाईर या. मी छबु हाय."

रामहरी डोक्याला कडब्याचा पाला लागलेला, हळूच मुंडकं काढून म्हनला, "हळू बोला वयनी! शिपाई गेले का?"

"कुठले शिपाई?"

"आवं, गावात कचेरी बसलीय न्हवं? केशरबाईनं काल समद्या आळीला सांगितलं. वेठीला गाड्या धरतील ना!"

त्या काळात तहसीलदार दौऱ्यावर आला का लोक म्हनायचे, कचेरी बसली. मग शिपाई दिसंल ती गाडी वेठीला धरायचे, ना भाडं ना बैलाला वैरन. म्हनून कचेरीचं नाव कानावर आलं का गाडीवान चाकं काढून दडवायचे.

काकू म्हनली, "आरं मुडद्या, ती कचेरी माझी हाय!"

"तुमची? तुमी कवा तहसीलदार झाल्या?"

मालक गेल्यापसून काकू पयल्यांदा हसली, आन हसता हसताच रडायला लागली. रामहरी आपला दडवलेली चाकं भाईर काढायला पळाला.

घडीभरात आळीतनं समद्या परसांतून चाकं निघाली. कोनी हिरीतनं वर काढली, कोनी गवताखालून. गाड्या काकूच्या दारी लागल्या. पंडित गाडीवरूनच वरडला, "तहसीलदारीनबाई, बंदा हाजर हाय!" मुनीम बी हसला. माल भरला, गाड्या बार्शीच्या वाटंला लागल्या. घोंगडीवर मातुर गाडीवानांतलं कोनी टेकलं न्हाई. समद्यांना घाई, आन एकल्या बाईच्या ढाळजंत बसायला गडी मानसं लाजत्यात. घुंगरं लांब गेली तसं गाव परत गप झालं.

वडलांनी भांडी पोत्यातनं काढून फळीवर लावली. बोलल्यापरमानं बैल जुपले.

"जिकलात वयनी. येतो मी."

"जेवून जावा की भावजी. पिठलं टाकते, येळ न्हाई लागायचा."

"नगं. उजेड हाय तवर मांजरसुंब्यापतूर जातो."

"बरं, दूध तरी?"

"नगं वयनी."

गाडी निघाली. काकू गाडीच्या मागं मागं चालत वेशीपतूर आली. वडील म्हनले, "फिरा आता माघारी."

"व्हय, फिरते," ती म्हनली, आन आनखी जरा पुढं चालली.